पाते आणि पाणी

विदर्भातल्या शिळावर्तुळांत मृतांसोबत लोखंडाच्या कुऱ्हाडी, छिन्न्या आणि खंजीर पुरलेले सापडतात. माहुरझरीच्या उत्खननात असा ऐवज भरपूर निघाला. नागपूर जिल्ह्यातल्याच नायकुंड येथे तर लोखंड गाळण्याची भट्टीच उघडी पडली. काळ इसवी सनापूर्वी ७व्या शतकाच्या आसपासचा. महाराष्ट्रातल्या पात्याचा इतिहास असा अडीच हजार वर्षांपलीकडे जातो. पण पात्यांसाठीच नावाजलेले, पिढ्यान्‌पिढ्या तेच करणारे एखादे शहर मात्र या मुलखात उभे राहिले नाही.

कारण हा धंदा पहिल्यापासून वाटून घेतलेला होता. सह्याद्रीच्या माथ्यावरच्या जांभ्या दगडातून लोखंड काढणारे ते धावड. महाबळेश्वरच्या जंगलात त्यांच्या भट्ट्या होत्या. माती, भाता आणि लाकडी कोळसा एवढ्यावर चालणारी ही कला १९व्या शतकात दोन्हीकडून कोंडीत सापडली: जंगल राखीव झाल्याने कोळसा मिळेना, आणि बंदरात उतरणारे विलायती लोखंड स्वस्त पडू लागले. धावडांनी गाळलेले लोखंड ऐरणीवर घेणारा लोहार वेगळा, तो गावाचा बलुतेदार. पात्याला जिल्हई आणि धार देणारा शिकलगार आणखी वेगळा. त्याचे नाव अरबीतल्या ‘सैकल’ म्हणजे चकाकी या शब्दावरून आले आहे. आणि गावोगाव पाल ठोकून फाळ-कुऱ्हाडी करणारा घिसाडी तर कुठल्याच गावाचा नव्हे. घिसाड्यांत घण बहुधा बाई घालते आणि पुरुष सांडशीत लोखंड धरतो.

धारेला मऊ लोखंड चालत नाही, पोलाद लागते. दख्खनचे पोलाद जगभर गाजलेले होते, पण त्याचे मोठे केंद्र तेलंगणात, निजामाबादजवळच्या कोनासमुद्रम येथे. लोखंड मुशीत बंद करून दीर्घकाळ तापवायचे आणि सावकाश निवू द्यायचे, ही तिथली रीत. या पोलादाच्या वड्या विकत घ्यायला इराणी व्यापारी थेट तिथवर येत. मराठी मुलखातल्या तलवारीचा विचार करताना एक गोष्ट आधी मान्य करावी लागते: तिचे पाते अनेकदा समुद्रापलीकडून आलेले असे. पोर्तुगीज आणि इतर दर्यावर्दी व्यापाऱ्यांबरोबर आलेल्या सरळ, लांब युरोपीय पात्याला इथल्या कारागिराने मूठ बसवली, की ती ‘फिरंग’ होई. नावातच तिचे मूळ सांगितले आहे. ‘जगदंबा’ म्हणून ओळखली जाणारी, १८७५-७६च्या दौऱ्यात कोल्हापूरहून प्रिन्स ऑफ वेल्सला भेट गेलेली तलवारही युरोपीय पात्याचीच आहे. यात कमीपणा कसला? हाताला बसेल अशी मूठ घडवणे आणि तोल साधणे हेही तेवढेच कसबाचे काम.

१८७८च्या शस्त्र कायद्याने परवान्यावाचून शस्त्र बाळगणे गुन्हा ठरला आणि शिकलगारांपुढे कात्र्या, सुऱ्या, वस्तरे उरले. दोनच वर्षे आधी, १८७६मध्ये, जपाननेही सामुराईंना तलवार कमरेला लावण्यास बंदी केली. तिथल्या सेकी गावात १३व्या-१४व्या शतकापासून तलवारी घडत. पोलादाला घडी घालणारा, धार काढणारा, मूठ बांधणारा सारे शेजारी. बंदीनंतर ती अख्खी वस्ती स्वयंपाकाच्या सुऱ्या, वस्तरे आणि कात्र्यांकडे वळली. १९०८मध्ये तिथे सुरू झालेली ‘काई’ कंपनी आजही पाती विकते. इकडे शिकलगार फिरत्या चाकावर धार लावत गल्लोगल्ली पांगले.

पाते टिकले ते शेतात. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर-मुरबाड भागात, आटगाव-कसाऱ्याकडच्या गावांत, भाताचा राब, म्हणजे रोपांची जागा, भाजण्यासाठी ऐनासारख्या झाडांच्या फांद्या तोडाव्या लागत. त्याला कोयता हवा. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी घरांतून हा कोयता कमरेच्या लाकडी आकडीत अडकवलेला दिसे. राबासाठी फांद्या तोडण्याच्या हक्कावरून सरकार आणि रयत यांच्यात एवढी कुरबुर झाली, की १८८५मध्ये मुंबई सरकारला जंगल आयोग नेमावा लागला. धावडांची भट्टी ज्या राखीव जंगलाने विझवली, त्याच जंगलाने कोयत्यालाही अडवले.

लोहाराला कच्चा माल आणून दिला तो रेल्वेने आणि पुढे ट्रकने. कसाऱ्यापर्यंतचा लोहमार्ग १८६१मध्ये सुरू झाला. अलीकडे कोयत्यासाठी ट्रकच्या कमानीचा पाटा सगळ्यांत पसंत. त्यात पोलाद चांगले आणि भंगारात सहज मिळते. पाटा लाल करून घणाखाली ताणायचा, वाक द्यायचा, कानशीने धार काढायची आणि शेवटी पाणी द्यायचे. हे पाणी देणेच सगळ्यांत नाजूक: फार तापवून बुडवले तर धार तुटते, कमी तापवले तर वळते. ‘पाणीदार’ हा शब्द मराठीत माणसालाही लागतो. पावसाळ्याआधी कुदळ-पहार शेवटून, म्हणजे टोक काढून, घ्यायला लोहाराकडे रीघ लागे आणि मजुरी भाताच्या रूपाने खळ्यावर मिळे. ऊसपट्ट्यात तर कोयता हे मजुरांचे मापच झाले आहे. ऊस तोडणारे नवराबायकोचे एक जोडपे म्हणजे ‘एक कोयता’, आणि मुकादम उचल देतो ती त्या हिशेबाने.

पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हसा येथे भरणाऱ्या यात्रेत बैल आणि घोंगड्यांबरोबर शेतीची अवजारेही विकायला येतात. भातकापणीसाठी मात्र आता कारखान्यातला दातेरी ‘वैभव’ विळा घरोघरी आहे. भात जमिनीलगत कापता येते, म्हणून कोकण कृषी विद्यापीठही त्याचीच शिफारस करते. त्याचे दाते बोथट झाले, की तो लोहाराकडे नेत नाहीत, नवा घेतात.