लोटाभर पाणी, केळीचे पान आणि रमजानचा हिशेब

मगरिबच्या अजानला दहा मिनिटे उरली की धुळ्याचे मौलवीगंज असो वा जळगावचे मेहरूण, रोजेदारांच्या घरात एकच लगबग असते. खजूर मांडले जातात, कलिंगड चिरले जाते, कढईतून गिलक्याची भजी निघतात. जमिनीवर प्लास्टिकचा दस्तरखान अंथरला जातो. त्यावर कागदी ताटल्या, द्रोण, पेले येतात. इफ्तार आटोपते, नमाजला जायची घाई असते. मग दस्तरखान चारही टोकांनी उचलून, गुंडाळून थेट कचऱ्यात टाकला जातो. सकाळी घंटागाडी येते आणि पैसे देऊन आणलेल्या वस्तू अवघ्या अर्ध्या तासाच्या वापरानंतर घराबाहेर जातात.

रमजान हा संयमाचा महिना. तरी घरखर्चाची वही पाहिली तर अनेक घरांत हाच महिना सर्वांत जड जातो. कुरआनच्या सूरह आराफमध्ये खाण्यापिण्याची मोकळीक दिली आहे, पण त्याच आयतीत उधळपट्टीला मनाई आहे. या उधळपट्टीला ‘इसराफ’ म्हणतात. इसराफ केवळ अन्नाचा नसतो. तो पाण्याचा आणि वस्तूंचाही असतो.

आधी पाण्याचा हिशेब. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) एक ‘मुद्द’ पाण्यात वजू आणि एक ‘साअ’ पाण्यात, फार तर पाच मुद्द पाण्यात, गुस्ल म्हणजे स्नान करीत, असे हदीसमध्ये नमूद आहे. मुद्द म्हणजे दोन्ही हातांची भरलेली एक ओंजळ. तिच्या नेमक्या मापाबाबत मतभेद असले, तरी ते लिटरभराच्या आतबाहेरच भरते. आज नळ सोडून वजू करताना किती पाणी जाते, हे पाहायचे असेल तर नळाखाली बादली ठेवावी. नळातून मिनिटाला पाच लिटर पाणी येते आणि वजूला दोन मिनिटे लागतात असे धरले, तर एका वजूला दहा लिटर लागतात. पाच वेळच्या नमाजसाठी माणशी पन्नास लिटर, पाच माणसांच्या घरात अडीचशे लिटर. तोच वजू लोट्याने केला तर पंचवीस लिटरमध्ये भागते. महिन्याला 6,750 लिटर पाणी वाचते, म्हणजे पाच हजार लिटरच्या टँकरहूनही अधिक.

नळाला काही दिवसांआड पाणी घेण्याची सवय झालेल्या धुळेकरांना याचे मोल वेगळे सांगायला नको. उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो, टाकीत पाणी चढवायला मोटार लावावी लागते, आणि दोन्हींचे पैसे खिशातूनच जातात. वाहत्या नदीकाठी बसूनही वजूचे पाणी वाया घालवू नये, ही शिकवण लहानपणापासून सांगितली जाते. तापी-पांझरेच्या मुलखात तर ती घरोघर पाळता येण्याजोगी आहे.

आता दस्तरखान. पाच माणसांच्या घरात रोज प्रत्येकी एक ताटली, एक द्रोण, एक पेला धरला तर तीस दिवसांत 450 नग होतात. नगामागे सरासरी दोन रुपये धरले तरी 900 रुपये कचऱ्यात जातात. महाराष्ट्रात 2018 मध्ये प्लास्टिकबंदी आली आणि 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या ताटल्या-पेल्यांवर देशभर बंदी आहे. त्यांची जागा कागदी पेल्यांनी घेतली खरी, पण चहा-सरबत झिरपू नये म्हणून बहुतेक कागदी पेल्यांना आतून प्लास्टिकचा पातळ थर असतोच.

घरच्या इफ्तारला स्टीलची ताटे आणि जुन्या सुती चादरीचा दस्तरखान पुरेसा आहे. तो धुऊन पुन्हा अंथरता येतो. मोहल्ल्याच्या सामुदायिक इफ्तारला मात्र पन्नास-शंभर माणसे असतात. तिथे जळगाव जिल्ह्याला दूर जायला नको. रावेर-यावलची केळी प्रसिद्ध आहे, जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. केळीचे झाड एकदाच घड देते आणि मग कापले जाते. त्याची धड, स्वच्छ पाने आधी उतरवून धुतली की ताटे तयार. धुळ्याकडे पळसाच्या पत्रावळी आहेतच. खाऊन झाल्यावर पान खड्ड्यात टाकले तर त्याचे खत होते.

भांडी घासायलाही खान्देशाकडे स्वतःचे साधन आहे. गिलके वेलीवरच जून होऊन वाळले की साल काढून, बिया झटकून आतली जाळी वापरता येते. प्लास्टिकच्या घासणीचे काम ती चोख करते. सरबतासाठी पिळलेल्या लिंबाच्या साली आणि मीठ तांब्या-पितळेच्या भांड्यांना चकाकी देतात. फाल्गुनात हवा कोरडी होऊ लागली की माठातले पाणी चांगले गार होते, कारण बाहेर झिरपणारे पाणी उडून जाताना आतली उष्णता नेते. त्यापुढे जारचे पाणी आणि विकतचा बर्फ बराच कमी लागतो. पर्यावरणपूरक म्हणून बाजारात मिळणाऱ्या महागड्या वस्तू घेण्याआधी घरात काय आहे, ते पाहिलेले बरे.

मात्र या बचतीत एक प्रश्न दडलेला आहे. कागदी ताटल्या गेल्या तर ताटे कोण घासणार? रोजा घरातल्या बाईलाही असतो. सहरीला सर्वांच्या आधी तीच उठते आणि इफ्तारच्या वेळी शेवटचा घाणा काढून तीच सर्वांत शेवटी बसते. बचतीचा भार तिच्याच पाठीवर टाकला तर ती बचत कसली? पैगंबर साहेब घरकामात हात लावत, स्वतःच्या चपला स्वतः शिवत, असे हजरत आयशा यांनी सांगितले आहे. आपापले ताट आपण घासायचे, एवढा नियम मुलांनी आणि पुरुषांनी पाळला तरी पुष्कळ आहे.

उरलेल्या पैशांचे काय करायचे, हेही रमजानच सांगतो. ईदच्या नमाजपूर्वी घरातल्या प्रत्येक माणसामागे गरिबांना फितरा द्यायचा असतो आणि त्याचे माप आहे साअ. ज्या मापाने स्नानाचे पाणी मोजले, त्याच मापाने गरिबाचे धान्य मोजले जाते. फितरा तर द्यायचाच आहे. नळातून आणि कचऱ्यातून वाचलेले त्यावर सदका म्हणून दिले, तर शेजारच्या एखाद्या घरातही ईदला शीरखुर्मा शिजेल.