प्रार्थना कीटकांचे बंदिस्त संगोपन : निवासव्यवस्था आणि निरीक्षणाची विश्वसनीयता

प्रस्तावना

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ साली प्राणिविच्छेदन टप्प्याटप्प्याने थांबविण्याविषयी मार्गदर्शक सूचना प्रसृत केल्या. त्यामुळे प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिकांत जिवंत प्राण्याच्या निरीक्षणास अधिक महत्त्व येणे स्वाभाविक आहे. या दृष्टीने प्रार्थना कीटक अर्थात मॅन्टिस उपयुक्त ठरतो. मँटोडिया गणात सुमारे २,४०० जाती ज्ञात असून भारतात हायरोड्युला प्रजातीतील मोठे हिरवे कीटक झाडाझुडपांवर आढळतात. तथापि बंदिवासातील कीटकाचे वर्तन त्याला कसे ठेवले आहे यावर अवलंबून असते. म्हणूनच निवासव्यवस्थेचा प्रश्न केवळ सोयीचा न राहता निरीक्षणाच्या विश्वसनीयतेचा होतो. प्रस्तुत लेखात याच अंगाने विवेचन केले आहे.

निवासव्यवस्था

पेटीची रचना ठरविताना कात टाकण्याची क्रिया केंद्रस्थानी ठेवावी लागते. पिल्लू प्रौढ होईपर्यंत अनेक वेळा कात टाकते. त्या वेळी ते छताला उलटे लटकते, जुने बाह्यकंकाल पाठीवर उकलते आणि कीटक स्वतःच्या भाराने खाली सरकत त्यातून बाहेर पडतो. नवे आवरण कठीण होईपर्यंत शरीर मऊ असते. खाली जागा अपुरी असल्यास किंवा पकड सुटल्यास पाय व पंख कायमचे वाकतात आणि बहुधा मृत्यू ओढवतो. म्हणून पेटीची उंची कीटकाच्या लांबीच्या किमान तिप्पट व रुंदी दुप्पट असावी. छताला जाळी अथवा खरखरीत कापड लावावे, कारण गुळगुळीत काचेवर नखांची पकड बसत नाही. आत दोन-तीन काटक्या पुरेशा होतात. अधिक गर्दी केल्यास लटकण्याची जागा अडते. बहुतेक जाती परस्परांना भक्ष्य मानतात, म्हणून प्रत्येक कीटक स्वतंत्र पेटीत ठेवावा. दक्षिण भारत व श्रीलंका येथील गाँगिलस गाँगिलोडीस ही जाती मात्र, अन्न मुबलक असल्यास, गटाने राहू शकते.

आहार, तापमान व आर्द्रता

हायरोड्युलासाठी २४ ते ३० अंश सेल्सिअस तापमान अनुकूल असते. दिवसाआड पेटीत पाण्याचा बारीक फवारा मारावा. कीटक थेंब पितो आणि आर्द्रतेमुळे कात सुटणे सुलभ होते. हवा खेळती नसल्यास मात्र बुरशी धरते. नुकत्याच बाहेर पडलेल्या पिल्लांना ड्रॉसोफिला माश्या, तर मोठ्यांना घरमाश्या, नाकतोडे व झुरळे द्यावीत. कीटकनाशक फवारलेल्या ठिकाणचे भक्ष्य सर्वथा टाळावे. कात टाकण्यापूर्वी कीटक अन्न नाकारतो. अशा वेळी पेटीतील रातकिडे काढून घेणे अगत्याचे आहे, कारण मऊ शरीराच्या कीटकाला ते कुरतडतात.

प्रजनन व वर्तनाचे निरीक्षण

प्रौढ नराच्या उदराच्या खालच्या बाजूस आठ, तर मादीच्या सहा खंडपट्टिका दिसतात. त्यावरून लिंगनिश्चिती करता येते. मादी फेसाळ द्रवात अंडी घालते व तो वाळून अंड्यांभोवती संरक्षक आवरण तयार होते. एका पुंजातून शंभरहून अधिक पिल्ले निघू शकतात. त्यांच्या खाद्याची तजवीज आधीच करावी.

मीलनसमयी मादी नराला खाते, ही समजूत सर्वश्रुत आहे. लिस्के व डेव्हिस यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पोटभर खाऊ घातलेल्या माद्या आणि व्यत्ययरहित परिस्थितीतील जोड्या पाहिल्या, तेव्हा विस्तृत प्रणयाराधन दिसून आले. नरभक्षण मात्र अटळ नसल्याचे स्पष्ट झाले. निसर्गातही नरभक्षण घडते, हे खरे; परंतु उपाशी मादी, अपुरी जागा आणि प्रखर प्रकाश यांमुळे त्याचे प्रमाण वाढून दिसू शकते. म्हणजेच ज्याला आपण कीटकाचा स्वभाव म्हणून नोंदवितो, तो अंशतः आपल्या पेटीचा परिणाम असू शकतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन बाबी स्पष्ट होतात. पेटीचे आकारमान कात टाकण्याच्या गरजेवरून ठरवावे. प्रात्यक्षिकाच्या नोंदवहीत वर्तनाबरोबरच पेटीची मापे, तापमान आणि शेवटच्या आहाराची वेळ यांचीही नोंद असावी. तिच्याअभावी दोन निरीक्षणांची तुलना निरर्थक ठरते. निरीक्षणासाठी स्थानिक जातीच निवडाव्यात आणि अभ्यास संपल्यावर निरोगी कीटक जेथून आणले तेथेच सोडावेत. परक्या प्रदेशातील जाती मात्र कदापि मोकळ्या सोडू नयेत. जिवंत प्राणी प्रयोगशाळेत आणताना त्याच्या गरजांची जबाबदारीही आपण स्वीकारलेली असते, ही जाणीव विद्यार्थ्यांत रुजविणे हेही या प्रात्यक्षिकाचे उद्दिष्ट मानावयास हवे.