तंबू आतून का भिजतो?

डिसेंबरातली गोष्ट. आम्ही चौघे, म्हणजे मी, पत्नी आणि दोन मुले, मोटारीने भंडारदऱ्याला गेलो होतो. प्रवरा नदीवर १९२६ साली पुऱ्या झालेल्या धरणामागे जो विस्तीर्ण जलाशय पसरला आहे, त्याच्या काठी आम्ही आमचा नवाकोरा तंबू उभारला. आकाश निरभ्र होते. थंडी मात्र मी म्हणत होती, म्हणून झोपताना तंबूच्या सगळ्या झडपा घट्ट लावून घेतल्या. पहाटे धाकटीच्या कपाळावर टपकन थेंब पडला. विजेरी लावून पाहतो तो काय, छताला आतून थेंबांच्या रांगा लागलेल्या, पांघरुणे दमट झालेली! टॉवेलने छत पुसून तो पिळला, तर वाटीभर पाणी निघाले. "पावसात टिकणारा म्हणून आणलात, आणि हा तर पावसावाचूनच गळतो!" पत्नी म्हणाली.

परत आल्यावर मी तंबू घेऊन तडक दुकानात गेलो. वयस्क दुकानदाराने काही न बोलता मागच्या अंगणात तो उभा केला आणि रबरी नळीने दहा मिनिटे त्यावर पाण्याचा मारा केला. आत एक थेंब आला नाही. मग त्याने शांतपणे विचारले, "साहेब, रात्री झडपा बंद होत्या का?" मी वीस वर्षे वर्गात दवबिंदू शिकवतो आहे. तंबू काखेत मारून मी गुपचूप घरी आलो.

विद्यार्थी मित्रांनो, त्या रात्री काय झाले असेल ते आपण मोजूनच पाहू. झोपलेला माणूस श्वासातून आणि त्वचेवाटे तासाला साधारण ३० ग्रॅम पाणी बाष्परूपाने बाहेर टाकतो. आम्ही चौघे, म्हणजे तासाला १२० ग्रॅम. आठ तासांत हे पाणी लिटरभराच्या जवळ जाते. आता तंबूतील हवेकडे पाहा. आमच्या तंबूचे घनफळ सुमारे ५ घनमीटर. १० अंश सेल्सिअस तापमानाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ९.४ ग्रॅम बाष्प मावते. म्हणजे सगळ्या तंबूत मिळून ४७ ग्रॅम. हवा मुळातच थोडीफार दमट असते हे ध्यानात घेतले, तर पंधरा-वीस मिनिटांत ती संपृक्त होणार हे उघड आहे. उरलेल्या साडेसात तासांतले बाष्प जाईल कोठे?

ते जाते सर्वांत थंड पृष्ठभागाकडे, आणि तो पृष्ठभाग म्हणजे तंबूचे छत. निरभ्र रात्री छताचे पातळ कापड आपली उष्णता अवरक्त प्रारणाच्या रूपाने आकाशाकडे टाकत राहते. आकाशातून त्याला परत मिळते ती उष्णता कमी असते, म्हणून कापड भोवतालच्या हवेपेक्षाही काही अंशांनी थंड होते. गवतावर दव पडते ते याच कारणाने. ढगाळ रात्री दव कमी पडते, कारण ढग खालच्या बाजूला प्रारण परत धाडतात. पावसाळी तंबूतल्या ओलीबद्दल जी तक्रार होते, तिच्यातली बरीचशी ओल अशी आपली आपणच तयार केलेली असते. तेव्हा तंबू निवडताना 'पाणी आत येईल का' या प्रश्नाबरोबर 'आतले पाणी बाहेर जाईल का' हाही प्रश्न विचारला पाहिजे. दुकानात दुसरा प्रश्न कोणी विचारत नाही; मीही विचारला नव्हता.

माझा पहिला तंबू एकपदरी होता. मोटारीने जाणाऱ्या कुटुंबाने दुपदरी तंबू घ्यावा. त्याचा आतला पदर विरळ विणीचा, वारा आरपार जाईल असा असतो. बाहेरचा पदर पाणी अडवणारा असतो. दोहोंमध्ये वीतभर पोकळी असते. श्वासातले बाष्प आतल्या पदरातून पार होते, बाहेरच्या थंड पदरावर त्याचे थेंब होतात, आणि ते उताराने घरंगळत तंबूबाहेर जमिनीवर पडतात. वाटेत एखादा सुटला तरी आतल्या पदरावर अडतो. दोन पदर एकमेकांना चिकटले की ही सारी योजना फसते. म्हणून बाहेरचा पदर दोऱ्यांनी दूर ताणून ठेवता येतो की नाही, हे दुकानातच पाहून घ्या.

शिवाय झरोके हवेत, आणि ते वर एक व खाली एक असे हवेत. पाण्याच्या रेणूचा भार १८ आणि हवेचा सरासरी भार २९, म्हणजे दमट हवा त्याच तापमानाच्या कोरड्या हवेपेक्षा हलकीच असते. त्यात ती आपल्या अंगाने ऊबदार झालेली. ती वर चढते, वरच्या झरोक्यातून निसटते आणि खालून कोरडी हवा ओढून घेते. स्वयंपाकघराच्या धुराड्याचे तत्त्व हेच. वरच्या झरोक्यावर टोपीसारखे छप्पर असले की पावसातही तो उघडा ठेवता येतो. थंडी वाजते म्हणून झरोके बुजवू नका, एक पांघरूण जास्त घ्या. मोटारीने गेल्यावर ओझ्याची काळजी कशाला?

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ऊब हवी म्हणून कोळशाची शेगडी, मग ती विझत आलेली का असेना, तंबूत कधीही घेऊ नका. अपुऱ्या हवेत कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट जखडला जातो. झोपलेल्या माणसाला गुदमरल्याची जाणीवही होत नाही. उत्तर भारतात बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेली माणसे दगावल्याच्या बातम्या हिवाळ्यात येतात, आणि तंबू तर खोलीपेक्षाही लहान. चूल तंबूबाहेर, उघड्यावर.

आता बाहेरच्या पाण्याकडे वळू. चहाची तारेची गाळणी वितळलेल्या मेणात बुडवून झटका, म्हणजे भोके मोकळी राहतील आणि तारांवर मेणाचा पातळ थर बसेल. गाळणीत हळूच थोडे पाणी सोडा. भोके असूनही पाणी खाली पडत नाही! मेणाला पाणी ओले करत नाही आणि पृष्ठताणामुळे प्रत्येक भोकात पाण्याचा एक ताणलेला पडदा तयार होतो. आता खालून ओले बोट लावा. पडदा फुटतो आणि धार लागते. छत्रीला आतून बोट लावू नये असे आजी सांगत, त्याचे कारण हेच. जुन्या सुती राहुट्यांनाही हा नियम लागू होता. सुताला आणखी एक सोय निसर्गतःच आहे: भिजले की धागे फुगतात आणि छिद्रे आपोआप अरुंद होतात. छिद्राचा व्यास निम्मा झाला, की पडदा दुप्पट दाब सोसू शकतो.

हल्लीच्या पॉलिएस्टर किंवा नायलॉनच्या कापडावर पॉलियुरेथेनसारख्या द्रव्याचा अखंड लेप असतो. तो किती दाब सोसतो याचा आकडा तंबूच्या पट्टीवर मिलिमीटरमध्ये छापलेला असतो. दुकानात लोक तो कापडाची जाडी समजतात! प्रत्यक्षात तो पाण्याच्या स्तंभाची उंची सांगतो. कापडावर वाढत्या पाण्याचा दाब देत जातात आणि पलीकडे ठरावीक थेंब उमटले की ती उंची नोंदतात. १५०० मिलिमीटर म्हणजे कापडाने दीड मीटर पाण्याचा दाब पेलला.

दीड मीटर पुरेल का? वळिवाचा ५ मिलिमीटर व्यासाचा टपोरा थेंब सेकंदाला सुमारे ९ मीटर वेगाने जमिनीवर येतो. वेगाचा वर्ग भागिले गुरुत्वत्वरणाची दुप्पट, हे सूत्र लावले तर उत्तर ४ मीटरहून अधिक येते! मग १५००चे कापड गळत कसे नाही? एक तर छत उतरते असते. ४५ अंशांच्या उतारावर थेंबाचा दाब निम्म्यावर येतो. दुसरे, कापड भिंतीसारखे ताठ नसते, धक्क्याबरोबर मागे सरते. आणि आघात निमिषभरच टिकतो. सपाट छताचे मात्र खरे नाही. तेथे पाणी साचते, कापडाला झोळ पडतो, झोळामुळे आणखी पाणी साचते. छतासाठी १५०० ते ३००० मिलिमीटर मला योग्य वाटते. त्यापुढच्या मोठ्या आकड्यांसाठी जादा पैसे मोजण्याऐवजी शिवणीकडे लक्ष द्या.

कारण पाणी शिरते ते बहुधा शिवणीतून. सेंटिमीटरला तीन टाके धरले आणि तंबूची एकूण शिवण ३० मीटर धरली, तर सुईची भोके झाली ९०००. या भोकांवर आतून पारदर्शक पट्टी उष्णतेने चिकटवलेली असावी लागते. तंबू उलटा करून शिवणीवर बोट फिरवा, पट्टी आहे की नाही ते लगेच कळते.

छतापेक्षा तळाची कसोटी अवघड आहे. ६० किलोग्रॅमचा माणूस रांगत तंबूत शिरला आणि त्याचे अर्धे वजन गुडघ्यांवर आले, तर ३० किलोग्रॅम वजन जेमतेम ५० चौरस सेंटिमीटरवर पडते. हा दाब होतो पाण्याच्या ६ मीटर स्तंभाइतका. खाली ओली जमीन असली तर पाणी वर ढकलले जाणारच. म्हणून तळाचे कापड छतापेक्षा जाड आणि अधिक आकड्याचे हवे, ते कडेने वीतभर वर वळवलेले हवे, आणि आत घोंगडी किंवा गादी अंथरून दाब पसरवायला हवा. खाली वेगळी ताडपत्री घालावी, पण ती तंबूच्या कडेपेक्षा आत राहिली पाहिजे. बाहेर राहिलेली ताडपत्री छतावरून ओघळलेले पाणी गोळा करून तंबूखाली नेते.

वाऱ्याचे गणित तुम्हाला पाठ्यपुस्तकातून माहीत आहे: दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ३६ किलोमीटरचा वारा दर चौरस मीटरला सुमारे ६ किलोग्रॅम भाराइतका रेटा देतो. ताशी ७२ किलोमीटरचा दुपटीने नव्हे, चौपटीने, म्हणजे २४ किलोग्रॅम भाराइतका. उभे राहून कपडे बदलता येतील असे सरळ भिंतींचे उंच तंबू दुकानात फार मोहक दिसतात. माझ्या पत्नीलाही तोच आवडला होता. पण भिंत उंच असली की रेटा घेणारे क्षेत्रफळ वाढते, आणि जमिनीपासून वर वाराही अधिक जोराचा असतो. उघड्या माळावर घुमटाकार, एकमेकींना छेदणाऱ्या काठ्यांचा तंबू बरा. काठ्या छेदतात तेथे त्रिकोण तयार होतात, आणि बाजू न वाकवता त्रिकोणाचा आकार बदलता येत नाही. मेखा ठोकताना डोके तंबूपासून दूर झुकलेले ठेवा आणि तणावा मेखेशी जवळजवळ काटकोन करील असे पाहा. नायलॉन भिजले की सैलावते, म्हणून झोपण्यापूर्वी तणावे पुन्हा एकदा ओढून घ्यावेत. पॉलिएस्टर त्यामानाने कमी ताणते.

मापाबद्दल एवढेच, की 'चार माणसांचा' तंबू म्हणजे चार माणसे खांद्याला खांदा लावून निजतील एवढाच. चौघांच्या कुटुंबाने सहा जणांचा घ्यावा. ओले जोडे आणि छत्र्या ठेवायला पुढे पडवी असली तर उत्तम.

हा सगळा अभ्यास करून घेतलेला दुसरा तंबू आम्ही जूनच्या पहिल्या आठवड्यात काजवे पाहायला भंडारदऱ्याच्याच परिसरात नेला. तंबू उभारताना ओढ्याची सखल जागा आणि एकाकी झाड दोन्ही टाळले. रात्री दहाच्या सुमारास वळवाने गाठले. विजा कडाडू लागताच आम्ही तंबू सोडून मोटारीत जाऊन बसलो. विजेपासून तंबू तिळभरही संरक्षण देत नाही. पत्र्याच्या टपाची बंद मोटार मात्र देते, कारण विद्युतप्रवाह पत्र्याच्या बाहेरून जमिनीकडे जातो. मायकेल फॅरडे याने १८३६ साली धातूने मढवलेल्या पिंजऱ्यात स्वतः बसून हेच दाखवले होते. थोरल्याला काचेतून विजा पाहायला मिळाल्या. वीज आणि गडगडाट यांमधले सेकंद मोजून तो तीनने भागत होता आणि वीज किती किलोमीटरवर पडली ते आम्हाला सांगत होता.

शेवटचा गडगडाट होऊन अर्धा तास लोटल्यावर आम्ही तंबूत परतलो. झरोके उघडेच होते. छत कोरडे, शिवणी कोरड्या. फक्त एका कोपऱ्यात धाकटीची गादी भिजलेली. सकाळी तंबू उचलून पाहिला, तर त्या कोपऱ्यात खालची ताडपत्री वीतभर बाहेर राहिली होती. ती बाजू मी घातली होती.