मोतीबिंदू पिकायची वाट पाहू नका



वजनकाट्याची पावती हातात घेऊन "जरा बघ रे, किती टन भरला?" असे शेजारच्या पोराला विचारणारी वडीलधारी माणसे आपल्याकडे कमी नाहीत. चष्मा असतो, पण त्यातूनही धूसरच दिसते. रात्री समोरून ट्रॅक्टर आला की दिव्याचा उजेड डोळ्यांत फाकतो; रस्ता कुठे नि चारी कुठे, काही कळत नाही. डॉक्टर म्हणतात मोतीबिंदू. घरी उत्तर ठरलेले : "अजून कच्चा आहे, पिकू द्या. हंगाम उरकला की बघू."

ऊस कोवळा तोडला तर उतारा कमी बसतो, हे खरे. डोळ्याला तो हिशेब लागू नाही.

बाहुलीमागे एक स्वच्छ भिंग असते. वयाबरोबर ते गढुळते. उकडल्यावर अंड्याचा पांढरा भाग होतो, तसे. मधुमेह, विडी-सिगारेट किंवा डोळ्याला बसलेला मार यांमुळे ते लवकर होते. औषधाच्या थेंबांनी ते पुन्हा निवळत नाही. मध नि पाल्याचा रस तर डोळ्यात घालूच नये. उपाय एकच, शस्त्रक्रिया.

थांबायची रीत उगीच पडली नव्हती. पूर्वी मोठी चीर घेऊन अख्खे भिंग काढीत. मग कित्येक दिवस अंथरुणात पडून राहायचे आणि जन्मभर सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा. त्यामुळे पार दिसेनासे होईपर्यंत लोक थांबत. १९४९ साली लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडले यांनी डोळ्यात कृत्रिम भिंग बसविले. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या काचेसारख्या प्लास्टिकचे तुकडे शिरले होते, आणि डोळ्याने ते सोसले होते. हे त्यांनी पाहिले होते. आज लहानशा छेदातून, डोळा बधिर करून, तसे भिंग बसवितात. बहुतेकजण त्याच दिवशी घरी येतात.

उलट फार पिकू दिलेला मोतीबिंदू कठीण होतो, काढणे अवघड जाते. कधी तो फुगतो किंवा झिरपतो, डोळ्यातला दाब वाढतो आणि डोळ्याची नस कायमची जाते. मग भिंग बदलूनही उपयोग नाही. म्हणून पावती वाचता येईना, रात्री चालणे जड जाऊ लागले, की तपासून घ्या आणि दिवस डॉक्टरांशी बोलून ठरवा.

शस्त्रक्रियेनंतर थेंब वेळच्या वेळी घालायचे, डोळा चोळायचा नाही. धूळ नि पाचट यांपासून जपावे लागते, तेव्हा काही आठवडे रात्रीची पाण्याची पाळी मुलाकडे द्या. डोळा दुखला, लाल झाला, दिसणे कमी झाले, तर उद्यावर न टाकता त्याच दिवशी दवाखाना गाठा.