संध्याकाळचं दूध घेणार नाही

पहाटे पावणेपाचला काकी गोठ्यातला दिवा लावते आणि सगळ्यांत आधी बांडीच्या पाठीवर हात ठेवते. नऊ गाईंत बांडी सगळ्यांत बुजरी. अचानक कुणी कासेला हात घातला तर ती दूध चोरते. म्हणून आधी पाठ, मग पोट, मग मांडी असा हात खाली आणायचा. कोमट पाण्याने कास धुवायची, कोरड्या फडक्याने पुसायची आणि प्रत्येक सडाची पहिली धार काळ्या वाटीत काढून बघायची. दुधात गुठळी किंवा पाणी दिसलं तर गाईला दगडी, म्हणजे कासेचा आजार, होतेय असं समजायचं आणि तिचं दूध बाजूला ठेवायचं. हे सगळं झटपट उरकावं लागतं. एकदा पान्हा सोडला की तो पाच-सात मिनिटंच टिकतो. तेवढ्यात मशीनचे कप लावून धार काढून झाली नाही, तर उरलेलं दूध कासेतच राहतं आणि त्यातूनच दगडी सुरू होते.

इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्याला आमच्या वस्तीवर मी 20 मार्च 2020 ला पाडव्यासाठी आले होते, थोड्या दिवसांच्या रजेवर. 22 तारखेला जनता कर्फ्यू झाला, 23 ला राज्यात संचारबंदी आली आणि 24 च्या रात्री एकवीस दिवसांसाठी देश बंद झाला. गुढी 25 ला उभारली, पण साखरेच्या गाठी जुन्याच होत्या. मी पुण्याहून आलेली, म्हणून गावातून निरोप आला की चौदा दिवस वस्ती सोडायची नाही. त्यात कुणाचा राग नव्हता. राज्यातले पहिले रुग्ण पुण्यातच सापडले होते आणि पुणं-मुंबई म्हटलं की माणसं दोन पावलं मागे सरत होती. गावाच्या वाटेवर बाभळीच्या फांद्या आडव्या पडल्या होत्या. डाळिंबाच्या बागेवर फवारणी करणारा ट्रॅक्टरचा ब्लोअर गल्लीतून हायपोक्लोराइट फवारत फिरला. मी मात्र गोठ्यातच राहिले. जून संपेपर्यंत काकीच्या हाताखाली जे शिकले, ते इथे लिहिते आहे.

सात गाई दुभत्या होत्या. सकाळी 42 लिटर, संध्याकाळी 36. या दोन वेळांमध्ये बारा तासांचं अंतर लागतं आणि ते मोडता येत नाही. शाळा, बस, देऊळ, बाजार सगळं थांबवता आलं. कासेत दूध साठायचं थांबवता येत नाही. गाय आटवायची म्हटली तरी ती गाभण असावी लागते, विण्याला साधारण दोन महिने उरलेले असावे लागतात, आणि आंबवण हळूहळू तोडत आणावं लागतं. ऐन दुधातल्या गाईला उद्यापासून सुट्टी देता येत नाही.

पहिल्या आठवड्यातच मशीनचं रबर फाटलं. कपाच्या आत जो लायनर असतो, तो ठरावीक महिन्यांनी बदलावा लागतो. फाटला की हवा धरत नाही आणि सड ओढला जातो. दुकान इंदापुरात, आणि दुकानाला कुलूप. सहा दिवस आम्ही हाताने धारा काढल्या. काकीची मूठ अशी चालायची की बादलीत आवाजाचा ताल तुटायचा नाही. माझ्या मनगटाला तिसऱ्या दिवशी सूज आली. अंगठा मुडपून ओढू नकोस, सड दुखतो, पूर्ण मुठीत धर, असं ती दर धारेला सांगायची. सातव्या दिवशी दादाने ओळखीने दुकानदाराच्या घरून लायनर मिळवले. तोवर एका गाईला दगडी होऊन गेली होती. तिचं दूध इंजेक्शनांच्या दिवसांत आणि पुढेही काही दिवस जमिनीत ओतावं लागलं.

बांडीचं वेगळंच झालं. पाडव्याच्या दिवशी सकाळी ती माजावर आली. हंबरत होती, खात नव्हती, शेपटीखाली काचेसारखा सोट लोंबत होता. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायचं, असा नेम. डॉक्टरांना फोन केला. ते निघालेही, पण पास अजून मिळाला नव्हता. त्यांना नाक्यावरून परत फिरावं लागलं. रेताच्या कांड्या उणे 196 अंशांच्या नायट्रोजनमध्ये ठेवलेल्या असतात. कांडी बाहेर काढून कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरायची आणि लगेच वापरायची. हे काम फोनवर सांगून होत नाही. रात्र गेली, बांडी शांत झाली. घरचा कारभार बघणाऱ्या अण्णांनी भिंतीवरच्या कालनिर्णयात बोट मोजत पुढची खूण केली. गाईचा माज एकवीस दिवसांनी परत येतो. टाळेबंदीही एकवीसच दिवसांची होती. खूण 15 एप्रिलवर पडली, टाळेबंदी संपण्याच्या दुसऱ्या दिवसावर. 14 तारखेला टाळेबंदी 3 मेपर्यंत वाढल्याचं रेडिओवर ऐकलं तेव्हा अण्णा पहिलं वाक्य बोलले ते असं, "डॉक्टरला आताच फोन लाव, उद्याचा पास हाय का इचार." पास होता. बांडी भरली. पण एक माज हुकल्याने पुढचं वेत तीन आठवडे लांबलं, आणि तीन आठवड्यांची वैरण त्या हुकण्यावर गेली. असे किती गोठ्यांत किती माज हुकले असतील, याची नोंद कुठेच होत नाही.

चौदा दिवस संपल्यावर मी दादाबरोबर डेअरीला दूध घालायला जाऊ लागले. गावात तेवढं एकच दार दोन वेळा उघडायचं. दारासमोर फक्कीने चौकोन आखले होते. पहिले काही दिवस माणसं चौकोनात उभी राहिली, मग चौकोनात किटल्या राहिल्या आणि माणसं लिंबाच्या सावलीला लांब लांब बसली. किटली पुढे सरकली की तिचा मालक उठायचा. तोंडाला गमछा, पदर, कुणाला नातीने शिवून दिलेला मास्क. हात धुवायला साबण आणि पाण्याचं पिंप ठेवलं होतं. सॅनिटायझर मुद्दाम ठेवलं नव्हतं, कारण दूध वास पटकन धरतं. मापाला लागलेला वास टँकरपर्यंत जातो.

डेअरीवरचं काम दोन मिनिटांचं असतं, पण त्या दोन मिनिटांकडे सगळं घर डोळे लावून असतं. दूध मापात ओतलं की काट्यावर वजन उमटतं. ढवळून छोट्या पळीने नमुना घेतात, यंत्राच्या नळीखाली धरतात, आणि थोड्या वेळाने आकडे येतात: फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधात उरणारे घन पदार्थ), पाणी. गाईच्या दुधाचा दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफला धरून ठरतो. त्याखाली प्रत्येक पॉइंटाला पैसे कापले जातात. एप्रिल-मे महिन्यांत हिरवी वैरण कमी, ऊन चाळिशीच्या वर. संकरित गाय धापा टाकते, खाणं सोडते, आणि एसएनएफ तुटतो. पाण्याचा थेंब न घालता दूध 8.2 ला येतं. बायका यंत्राच्या पडद्याकडे बघून ओठ आवळतात आणि रिकामी किटली उचलतात. नंतर ते दूध कुलरमध्ये चार अंशांवर थंड होतं आणि टँकरने जातं. उन्हाळ्यात बाहेर ठेवलं तर चार-पाच तासांतच फाटायला लागतं. म्हणून टँकर यायला उशीर झाला की सगळी रांग रस्त्याकडे बघत राहायची.

मार्चमध्ये दर 31 रुपये होता. मग एकेका पगाराला तो उतरू लागला. आमच्याकडे दुधाचे पैसे दर दहा दिवसांनी मिळतात, त्याला पगारच म्हणतात. पुण्या-मुंबईतली हॉटेलं, चहाच्या टपऱ्या, मिठाईची दुकानं, आइस्क्रीम बंद. लग्नसराई गेली. घरोघरी पिशवी जात होती, पण त्याखेरीज खपणाऱ्या दुधाला गिऱ्हाईक राहिलं नाही. त्याची पावडर करायची म्हटलं तर पावडरीचाही भाव पडलेला. टाळेबंदी सुरू झाल्यावर राज्य सरकारने दिवसाला दहा लाख लिटर अतिरिक्त दूध 25 रुपयांनी घेऊन महानंदमार्फत पावडर आणि बटर करायचं ठरवलं. पण ती खरेदी सहकारी संघांच्या दुधासाठी होती. राज्यात रोज एक कोटी लिटरांहून जास्त दूध गोळा होतं आणि त्यातलं बरंचसं खासगी डेअऱ्यांना जातं. आमचंही तिथेच जात होतं. मे संपेपर्यंत आमच्या पावतीवर 18 रुपये आले.

एप्रिलच्या एका शनिवारी फोनवर मेसेज आला. उद्या संध्याकाळचं दूध घेणार नाही.

काकीने तो मेसेज मला दोनदा वाचायला लावला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धार मात्र नेहमीच्या वेळेलाच काढली. 36 लिटर दूध ओसरीवर पातेल्यांत, हंड्यात, घागरीत भरून ठेवलं. वासरांना पोटभर पाजलं. शेजारच्या वस्तीवर द्यायला दादा निघाला, तर त्यांच्याकडेही तेच. मग परड्यात तीन दगडांची चूल मांडली, लग्नातली मोठी कढई काढली आणि बाभळीचं सरपण रचलं.

खवा करायचं काम एका माणसाचं नाही. पाच-सहा लिटरांची एक भट्टी. जाळ मोठा ठेवायचा आणि उलथनं एक क्षणही थांबवायचं नाही. बुडाला लागलं की सगळ्याला करपल्याचा वास. दूध आधी फसफसून वर येतं, मग जाड बुडबुडे सुटतात, मग कढईच्या कडा सोडायला लागतं. तिथे जाळ ओढून घ्यायचा. गाईच्या दुधाचा खवा म्हशीच्या खव्यासारखा बसत नाही, ओलसर आणि पिवळसर राहतो, आणि लिटरमागे जेमतेम पावणेदोनशे ग्रॅम. वहिनी, काकी आणि मी आळीपाळीने उलथनं धरत होतो. डोळ्यांत धूर, हातावर चटके. चार भट्ट्या होईपर्यंत रात्रीचा एक वाजला. उरलेल्या दुधाला विरजण लावलं. साडेतीन-चार किलो खवा झाला. एरवी हा खवा इंदापूरच्या मिठाईवाल्याने घेतला असता. आता घेणार कोण? सकाळी काकीने तो वाट्यांत घालून वाटून टाकला. आमच्याकडे डाळिंब तोडायला आलेली आणि इथेच अडकलेली चार कुटुंबं होती, त्यांच्या पोरांना सगळ्यांत आधी. तीन दिवस ताक घुसळून लोणी काढलं आणि तूप कढवलं. ताक गाईंच्या आंबवणात गेलं.

पुढे दर रविवारी तेच. दुसऱ्या रविवारी काकीने चूल पेटवली नाही. पेटवून काय करायचं होतं?

एका रात्री अण्णांनी मला वही घ्यायला सांगितली. दिवसाला 78 लिटर म्हणजे दहा दिवसांचं 780 लिटर. 31 रुपयांनी 24,180. 18 रुपयांनी 14,040. सात गाईंना रोज पाच-पाच किलो पेंड म्हणजे दहा दिवसांत पन्नास किलोची सात पोती, त्यांचे आठ हजार. पेंडीचा दर एक रुपयानेही उतरला नव्हता. उरले सहा हजार. त्यात वैरण, डॉक्टर, औषध, लाईट बिल, दोन भाकड गाईंचं खाणं, आणि पहाटे पावणेपाचपासून राबणारी तीन माणसं. "म्हंजी आमी गाई सांभाळत न्हाई," अण्णा म्हणाले, "गाईला पैसे देऊन दूध काढतोय." विकायचं म्हटलं तर जनावरांचे बाजार बंद. आणि पुण्यातली माझी शेजारीण दुधाची जी पिशवी घेत होती, तिच्यावरची किंमत मार्चमध्ये होती तीच मे महिन्यातही होती. मी तिला फोन करून विचारलं होतं.

त्या वर्षी पालखीही चालली नाही. तुकोबारायांच्या पालखीचा मुक्काम आमच्या तालुक्यात निमगाव केतकीला आणि इंदापूरला असतो. काकी दरवर्षी एका वेळचं सगळं दूध वारकऱ्यांच्या चहाला देते. तिचा तो नेम होता. 30 जूनला पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. काकीने त्या संध्याकाळची धार काढली, एक तांब्या दूध तुळशीपाशी ठेवलं आणि बाकीचं डेअरीला पाठवलं.

जुलैत राज्यभर दूध उत्पादक रस्त्यावर आले. लिटरला दहा रुपये अनुदान द्या, ही मागणी होती. काही ठिकाणी लोकांनी दगडाला दुधाचा अभिषेक घातला. पुण्यात काहींनी मला विचारलं, हे दूध गरिबांना का देत नाहीत? मी त्यांना त्या चार कुटुंबांच्या पोरांविषयी सांगितलं. दूध उत्पादक देतात. एरवीही देतात, त्याची बातमी होत नाही.

ऑगस्टमध्ये अण्णांनी दोन गाई विकल्या, घेतल्या त्याच्या निम्म्या भावाने. बांडी ठेवली, कारण ती गाभण होती.

टाळेबंदीच्या पहिल्या दिवसापासून दूध अत्यावश्यक ठरलं होतं. टँकरला पास होता, डेअरीला परवानगी होती. ते अत्यावश्यक दूध काढणाऱ्या माणसाला मात्र त्याचा खर्च भागेल एवढा दर देण्याची सक्ती कुणावरच नव्हती. आमच्या तालुक्यात ऊसही आहे. भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर असे कारखाने आहेत. उसाला 2009 पासून एफआरपी, म्हणजे कायद्याने ठरलेला किमान दर, आहे. पैसे उशिरा मिळतात, भांडणं होतात, पण निदान कायद्यातला आकडा दाखवून भांडता येतं. काकीकडे दाखवायला फक्त डेअरीची पावती होती. दुधाचाही किमान दर कायद्याने ठरवा आणि तो सहकारी आणि खासगी दोघांनाही बंधनकारक करा. त्या उन्हाळ्याच्या सगळ्या पावत्या काकीने पिठाच्या डब्यामागे पिशवीत बांधून ठेवल्या आहेत. ज्यांना हिशेब बघायचा असेल, त्यांनी वरकुट्याला यावं.