टाकी उतरली, पण ग्रीस गेलं कुठे?

मोडनिंबला पूर्वी बार्शी लाइटची 762 मिलिमीटर गेजची गाडी यायची. आता 1676ची ब्रॉडगेज आहे. गेज बदललं, पण वळणावरची घासाघीस तीच. बाहेरच्या रुळाच्या आतल्या बाजूला चाकाची कड घासते. कोरड्या पोलादावर घर्षणगुणांक 0.5च्या आसपास जातो, ग्रीस नीट पोचलं तर 0.25च्या खाली येतो.

रुळालगत टाकी, पंप आणि रुळाला आतून बोल्टने बसवलेली भोकांची पट्टी, एवढंच हे यंत्र. चाकाने प्लंजर दाबला किंवा सेन्सरने चाक ओळखलं की पट्टीतून ग्रीस बाहेर येतं. पुढे ते नेतं कोण? चाकच! म्हणून कड रुळाला जिथे नुकती टेकू लागते, तिथे पट्टी हवी. फार अलीकडे बसवली तर चाक ग्रीसला शिवतच नाही. उंच बसली तर ग्रीस रुळाच्या माथ्यावर चढतं. इंजिनाची चाकं घसरतात आणि गाडी थांबायला जास्त अंतर लागतं.

माझ्या पहिल्या आराखड्यात ‘टाकीतली पातळी किती उतरली’ हेच मी यशाचं माप धरलं होतं. सरांनी एवढंच विचारलं, “गेलं कुठे?” मी गप्प. निम्मी भोकं धुळीने बुजली तरी उरलेल्यांतून ग्रीस खडीवर सांडतं, आणि टाकी उतरतेच. आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात तर ते पातळ होऊन ओघळतं.

तेव्हा घर्षण मोजायचा ट्रायबोमीटर पट्टीजवळ नको, वळणाच्या शेवटच्या टोकाला लावा. आतली बाजू आणि माथा, दोन्ही वेगवेगळे मोजा. माथा विसरलात, तर तुमची चूक सरांच्या आधी लोको पायलट पकडेल.