रविवारी एकच चित्र

मुलांना कलेचा इतिहास घरी शिकवायचा तर आधी चित्राखालची ओळ झाकावी. आम्ही तिच्यावर कोरा कागद ठेवतो. चित्रकार कोण, साल कोणतं, हे कळलं की मुलं बघायची थांबतात आणि पाठ करायला लागतात. म्हणून पहिली दहा मिनिटं नुसतं बघायचं, दिसेल ते बोलायचं. 'छान आहे' हे उत्तर चालत नाही.

शिकणारी दोघं, माझ्या भावाची मुलं. थोरली सातवीत, धाकटा चौथीत. रविवारी सकाळी पोहे झाले की नगरच्या सावेडीतल्या आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर गोम्ब्रिखचं 'द स्टोरी ऑफ आर्ट' उघडतं. 1950 सालचं हे पुस्तक त्यानं किशोरवयीन वाचक डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं, आणि ज्या कलाकृतीचं चित्र छापता येणार नाही तिच्याबद्दल शक्यतो बोलायचंच नाही, अशी अट स्वतःवर घालून घेतली. त्यामुळे वाक्य वाचलं की बोट लगेच चित्रावर ठेवता येतं. मी इंग्रजी वाचत वाचत मराठीत सांगत जाते. कंटाळवाणा परिच्छेद आला की सरळ गाळते. त्याचं मला काही वाटत नाही.

पुस्तकाची खरी अडचण वेगळीच आहे. त्यात सगळी चित्रं जवळपास सारख्याच मापाची दिसतात. यावर उपाय म्हणजे गच्ची, खडू आणि शिवणाची टेप. मोनालिसा 77 बाय 53 सेंटीमीटर. खडूनं चौकट आखल्यावर धाकटा म्हणाला, "एवढीशीच?" मग वेलाझ्केझचं 'लास मेनिनास' आखलं: 318 बाय 276. त्यासाठी कुंड्या हलवाव्या लागल्या. दोघं त्या चौकटीत आडवी झाली आणि तरी जागा उरली. त्या चित्रातली छोटी राजकन्या आपल्याएवढी असणार, हे त्यांना कोणी सांगावं लागलं नाही.

मापांचा नाद लागला आणि तिथून दायमाबाद आलं. पुस्तक सुरू होतं गुहाचित्रांपासून, मग इजिप्त. त्या पानांशेजारी आम्ही आपल्याच जिल्ह्यातल्या दायमाबादच्या कांस्यरथाचा फोटो ठेवला. प्रवरेकाठी, श्रीरामपूर तालुक्यात, 1974 साली झाडाची मुळं खणताना चार कांस्यशिल्पं मिळाली: हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ. रथ सुमारे 45 सेंटीमीटर लांब. कंपासातली पट्टी तीनदा टेबलावर ठेवून झाली. रथात माणूस उभा आहे, हे दोघांनाही दिसलं होतं. दांडीवर कुत्रं आहे, हे मात्र धाकट्यानं शोधलं. थोरलीचं पूर्ण लक्ष बैलांच्या लांबोड्या अंगाकडे. चार हजार वर्षांपूर्वीची ही शिल्पं, असं बरेच अभ्यासक मानतात; काहींना तो काळ मान्य नाही. हेही मुलांना सांगितलं. मोठी माणसं अजून भांडतायत म्हटल्यावर त्यांचा उत्साह दुप्पट झाला.

थोरली पुढे चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसेल. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र करून हात चांगला तयार होतो, याबद्दल वाद नाही. पण दुसऱ्यानं काढलेल्या चित्रासमोर स्वस्थ बसायची सवय त्या तयारीत कुठे लागते?

गोम्ब्रिखच्या पुस्तकात भारताच्या वाट्याला फार थोडं आलंय. गांधार शैलीतला बुद्ध दिसतो, पण आपल्या भागातलं म्हणावं असं काही मुलांना सापडेना. त्याला नावं ठेवत बसण्यापेक्षा जोडीला दुसरं पुस्तक घेतलेलं बरं. गोम्ब्रिखच्या पुस्तकातच एक इराणी चित्र आहे: राजपुत्र हुमाय आणि राजकन्या हुमायून, रात्रीच्या बागेत. चांदणं आहे, पण सावली कुठेच नाही. झाडंफुलं गालिच्यावर मांडावीत तशी मांडलेली. "लांबची फुलं जवळच्या फुलांएवढीच आहेत," थोरली म्हणाली. दूरचं लहान दाखवायची रीत सगळ्यांनीच पाळलेली नाही, हा धडा तिचा तिनंच घेतला.

या चित्राशेजारी नगरच्या एका पुस्तकातल्या चित्रांचे फोटो ठेवले. 'तारीफ-इ-हुसेनशाही', आफताबी नावाच्या कवीचं फारसी काव्य, 1565च्या सुमारास इथल्या निजामशाही दरबारात चित्रांसह तयार झालेलं. मूळ हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. जी. टी. कुलकर्णी आणि म. श्री. माटे यांनी ते संपादून मंडळातर्फे 1987 साली प्रसिद्ध केलं. त्यातली 12 चित्रं आज उरली आहेत. एका चित्रात बाई झाडाला स्पर्श करते आणि झाड फुलतं, ही आपली जुनी दोहदाची कल्पना. आभाळ, बाग, सपाट मांडणी इराणी वळणाची. बायकांचा पेहराव मात्र भारतीय. धाकट्यानं निकाल दिला: "बाग तिकडची, बायका इकडच्या." दख्खनी चित्रकलेबद्दल मी आणखी तासभर बोलले असते, पण त्याची गरज उरली नाही.

मग राजाराणीची चित्रं निघाली. राजाशेजारी राणी असायची तिथे रंगाचा डाग.

"आत्या, हे कुणी खोडलं?"

राणीचं नाव खानजादा हुमायून, म्हणजे चांदबिबीची आई. तिचा नवरा हुसेन निजामशहा 1565 मध्ये तालिकोटच्या लढाईनंतर काही महिन्यांतच वारला. मुलगा मुर्तजा लहान, म्हणून कारभार तिनं हाती घेतला. 1569 मध्ये त्याच मुलानं तिला कैदेत टाकलं. त्यानंतर केव्हा तरी तिच्या आकृत्यांवर रंग फासला असावा, असं अभ्यासक मानतात. चांदबिबी नगरच्या पोरांना पाळण्यातच भेटते. तिच्या आईचं नाव मात्र दोघांनी पहिल्यांदा ऐकलं. खाली दडलेली राणी दिसते का, म्हणून धाकट्यानं फोटो मोबाइलवर मोठा मोठा करत नेला. थोरलीचा हिशोब वेगळा होता: काव्यातही राणीचं कौतुक असेल, मग ते कसं खोडलं नाही?

पुढच्या रविवारी मायकेलअँजेलो ठरला होता. तो आता लांबणीवर. आधी 1987चं ते पुस्तक घेऊन राणीच्या ओळी शोधायच्या, असं दोघांनी मला बजावलंय.